गोडदेव ते गुवाहाटी, मार्गे कलकत्ता

राघो घरतांच्या बायकोने विमानात बसायला नकार दिला, तेव्हा तिने कारणही तसंच रास्त सांगितलं. "जो माणूस चालवणार त्याचं तोंड मला दिसत नाही. तोंड न बघता मी कुणाच्या गाडीत बसत नाही."

असं म्हणायचा शालूबाईंना अधिकार होता. राघो घरत हे भाईंदर पूर्वेच्या एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तीसेक वर्षं मास्तर होते. शिकणारा उजवीकडे, मास्तर डावीकडे आणि मास्तरांच्या पायाखाली एक जादा ब्रेक. गोडदेवपासून काशीगावपर्यंत अर्ध्या लोकांना गाडी त्यांनीच शिकवलेली. संध्याकाळी घरी आले की चहा पिताना कुणी गटारात चाक घातलं, कुणी रिव्हर्समध्ये केळीवाल्याची हातगाडी उडवली, ते सगळं ते बायकोला रंगवून सांगत. ऐकून ऐकून शालूबाईंचं एक मत पक्कं झालं होतं. रस्त्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर कालपरवापर्यंत शिकाऊ होता, आणि त्यातले बरेच अजूनही आहेत.

"गाडीच्या मागे निदान लाल एल असतो," त्या म्हणाल्या. "विमानाला लावतात का एल?"

राघोंना ते माहीत नव्हतं. त्यांना खोटं बोलता येत नसे, म्हणून ते गप्प राहिले. लावत नाहीत, असा अर्थ शालूबाईंनी काढला.

एरवी या गोष्टीवरून कुणाचं काही अडलं नसतं. पण मुलगी मिनल गुवाहाटीला होती. जावयाची, नीलेशची, नोकरी तिकडची. मिनलला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवासच करायचा नाही म्हणून बजावलं होतं. तेव्हा आता माहेरानेच तिच्याकडे जायचं ठरलं. रेल्वेने जायचं तर दोन-अडीच दिवस, आणि शालूबाईंची कंबर विरारपर्यंतसुद्धा नीट साथ देत नसे. नीलेशने विमानाची दोन तिकिटं काढून पाठवली. मिनल फोनवर एवढंच म्हणाली, "आई-बाबा, दोघंही या. मला भीती वाटते."

त्यानंतर राघोंना चैन पडेना. बायकोला विमानात बसवायचं कसं?

तोड सुचवली परागने. नाक्यावर त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि तो राघोंचाच जुना विद्यार्थी, तीनदा नापास झालेला. तो म्हणाला, "मास्तर, काकींना विमान कसं चालतं ते घरातच दाखवा ना. तुमच्या कॉम्प्युटरवर विमान चालवायचा सिम्युलेटर टाकून देतो."

पहिल्या दिवशी जे विमान पडद्यावर आलं ते एक बटण दाबलं की सुरू होई, आणि पुढे रेटलं की उडे. शालूबाई भाजी निवडता निवडता दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे खेळणं आहे. जत्रेतल्या पाळण्याला याच्यापेक्षा जास्त बटणं असतात."

ते राघोंनाही पटलं. परागने मग परदेशातल्या कुणीतरी बनवलेलं एक वेगळं विमान त्यात घालून दिलं. खरं मोठं प्रवासी विमान, जसंच्या तसं. "मास्तर, खऱ्यात जे जे असतं ते सगळं याच्यात आहे. एक स्विच सोडलेला नाही," पराग छाती पुढे काढून म्हणाला. राघोंनी ते वाक्य मनात जपून ठेवलं. पुढचा सगळा घोटाळा त्या वाक्याने केला.

पहिला आठवडाभर ते विमान मुंबईच्या गेटवरून हललंच नाही. थंड पडलेल्या, काळोख्या विमानापासून सुरुवात करायची. आधी बॅटरी, मग शेपटीतलं छोटं इंजिन, मग हवा, मग मोठी इंजिनं. मध्ये एक चूक झाली की सगळं मुकाट बंद. बरं, आत प्रवासीही असत. ते दिसत नसत, पण खऱ्यासारखे एकेक करून चढत, आणि एसी वेळेवर लागला नाही की कुरकुरत. त्यांच्या समाधानाचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसे. तो आकडा घसरला की राघो घाईने एसीचं बटण शोधू लागत. शिकवलेल्या पोरांनी त्यांना कधी नावं ठेवली नव्हती, आणि इथे न दिसणारी दीडशे माणसं रोज ठेवत होती.

जिन्यात शेजारच्या नीलमबेन भेटत. "राघोभाई, उडा क्या?"

"अजून नाही, भाभी. दरवाजा लागत नाहीये."

"पुराना माल होगा. तेल डालो."

शेवटी इंजिनं सुरू झाली, त्या रविवारी घरात पूजा झाली. घरतांच्या घरात नवी सायकल आली तरी पूजेशिवाय रस्त्यावर जात नसे, मग विमान कसं जाईल? कॉम्प्युटरला हार घातला, मॉनिटरला कुंकू लावलं, नारळ बाल्कनीत फोडला. प्रश्न आला लिंबाचा. लिंबं चाकाखाली ठेवायची, पण विमानाची चाकं पडद्याच्या आत. मग राघो ज्या खुर्चीत बसत, तिलाच चाकं होती, त्यांच्याखाली लिंबं ठेवली. राघो खुर्ची पुढे घेऊन बसले. तीन लिंबं फुटली, चौथं उजव्या चाकाला अडकून बसलं. देवाचं लिंबू, उकरून कसं काढणार? खुर्ची डावीकडे कलती राहिली. त्या दिवसापासून राघोंना समोरचं क्षितिज सरळ दिसलं की ते वाकडं वाटे, आणि ते विमान नकळत डावीकडे झुकवत. प्रवाशांचा आकडा आणखी घसरला.

मग मानाचा प्रश्न उभा राहिला. नवं वाहन आलं की त्यात पहिलं बसायचा मान घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा. तो अनसूया आत्याचा होता. राघोंच्या वडिलांची ही बहीण शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहत असे. मिठागरांच्या काळात जन्मलेली, पाठीत वाकलेली, पण आवाज खणखणीत. कुणीतरी तिच्या कानावर घातलं की राघोने विमान आणलंय आणि आत्याला विचारलंसुद्धा नाही. ती काठी टेकत दारात आली.

"माझ्या बापाच्या जमिनीवर बिल्डिंग बांधलीस, त्या बिल्डिंगीत विमान आणलंस, आनि मना सांगत न्हाय?"

"आत्या, अगं ते टीव्हीतलं आहे."

"टीव्हीतलं तर टीव्हीतलं. मना खिडकीजवलची जागा पायजे."

दिली. राघोंच्या खुर्चीच्या मागे हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या दोन-दोन मांडल्या, मधे चालायला वाट ठेवली. आत्या खिडकीशी. तिथून बी विंगच्या गच्चीवरचे वाळत घातलेले पापड दिसत. तिच्या शेजारी शालूबाई आणि मागे थेपल्याचा डबा मांडीवर घेऊन नीलमबेन. "आजकल फ्लाइट में खाना फ्री नहीं मिलता, भाभी," त्या शालूबाईंना म्हणाल्या.

सोसायटीचे सेक्रेटरी योगेंद्र शुक्ला चौकशीला आले. "घरतजी, रेसिडेन्शियल फ्लैट में एअरलाइन चलाना अलाउड नहीं है. शिकायत आई है, आपके घर से सीट बेल्ट बाँधने की घोषणा होती है."

राघो वरमले. आवाज कमी करतो म्हणाले. शुक्लांनी आत पडद्याकडे डोकावून हळूच विचारलं, "लखनऊ जाता है क्या?"

तेव्हापासून चौथ्या खुर्चीत शुक्ला बसू लागले.

या सगळ्यात राघोंचं काम मात्र झालं. शालूबाई रोज बघत होत्या. निघण्याआधी एक पायलट यादी वाचतो, दुसरा तपासतो. इंधन हिशेबापेक्षा जास्त घेतात. उतरायचं विमानतळ बंद असेल तर दुसरं आधीच ठरवून ठेवतात. एक दिवस त्या आपण होऊन म्हणाल्या, "एवढं सगळं बघतात होय? आणि दोघं असतात. म्हणजे एखादा शिकाऊ असला तरी शेजारी मास्तर असतो."

"असतोच," राघो म्हणाले. "आणि मुख्य माणूस डावीकडे बसतो. माझ्यासारखा."

"मग मी बसते हो तुमच्या विमानात."

राघोंना आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण घासात खडा लागावा तसा.

कारण त्या दिवसांत त्यांना भलतंच काहीतरी होऊ लागलं होतं. परागने घातलेलं ते विमान मागचं काही विसरत नसे. काल आपटून उतरवलं तर आज टायर झिजलेले. इंजिन जास्त तापवलं तर पुढच्या खेपेला कुरकुर. मग दिवे लागू लागले, पिवळे, लाल. हा दिवा म्हणजे काय, ते राघो वाचून काढत. वाचलं की कळे, हेही बिघडू शकतं. आजवर त्यांना विमान म्हणजे वर जाणारी एक अखंड वस्तू वाटे. आता ती हजार ठिकाणी बिघडू शकणारी वस्तू झाली होती. वर आकाशात विमानाचा आवाज आला की ते भाजीवाल्यासमोर थबकत आणि मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहत.

पण खरी भीती वेगळीच होती. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांचा एक नियम होता. सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी गाडीभोवती स्वतः एक फेरी मारायची. चारी चाकांना लाथ, खाली वाकून तेलाचा डाग आहे का ते बघायचं. दोष दिसला तर गाडी गेटबाहेर काढायची नाही, विद्यार्थी कितीही रडो. आणि या विमानात सगळं होतं, प्रवाशांची कुरकुरसुद्धा होती, पण फेरी नव्हती. सुरुवातच मुळी ड्रायव्हरच्या खुर्चीतून. राघोंनी सगळी बटणं धुंडाळली. उतरून खाली जाता येत नव्हतं. खऱ्यात जे जे असतं ते सगळं याच्यात आहे, पराग म्हणाला होता. म्हणजे खऱ्यातही फेरी नसते. येतात आणि सरळ बसतात.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मनातल्या मनात मात्र तिकिटाची तारीख जवळ येईल तसे ते बारीक होत गेले.

शालूबाईंनी बॅग भरली. सुका जवळा, डिंकाचे लाडू, बाळंतविड्याचं सामान, जुन्या मऊ साड्यांची दुपटी. बॅगेची चेन लावताना त्या म्हणाल्या, "तुमचे शर्ट द्या."

"माझं जमेलसं दिसत नाही," राघो म्हणाले.

"म्हणजे?"

"विमान नीट नाहीये. डाव्या ब्रेकच्या तेलाचा दाब कमी दाखवतोय."

शालूबाईंनी बॅग बाजूला सरकवली. "आपण आपलं विमान न्यायचंय का गुवाहाटीला?"

"तसं नव्हे. पण जे माझ्याचं होतं ते त्यांच्याचंही होऊ शकतं ना. आणि ते लोक फेरी मारत नाहीत."

"कसली फेरी?"

राघोंनी सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज इतका बारीक झाला की शेवटचं वाक्य शालूबाईंना जवळजवळ ओठांवरून वाचावं लागलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्याच पलंगावर बसल्या.

"मला उभं केलंत आणि तुम्ही बसलात," त्या म्हणाल्या. "मिनलला काय सांगू?"

"सांग, येतो."

"कशाने?"

आत्याला कळलं तेव्हा ती म्हणाली, "मी जाते हिच्यासंगं. मना सवय हाय आता." पण तिकीट राघोंच्या नावाचं होतं, आणि आत्याला राघो म्हणून कुणी आत सोडलं नसतं.

शालूबाई एकट्याच निघाल्या. शुक्लांनी गाडी काढली. गाडीत बसण्याआधी शालूबाई वळून नवऱ्याला म्हणाल्या, "दार लावून घ्या. थेपले नीलमबेनकडे आहेत."

रिकाम्या घरात राघोंना बसवेना. ती एकटी आकाशात जाणार आणि आपण इथे जमिनीवर? हे त्यांना पाप वाटू लागलं. मग त्यांनी ठरवलं, आपणही जायचं. तिच्याच वेळेला, तिच्याच वाटेने, पण आपल्या गाडीत. निदान चालवणारा ओळखीचा तरी आहे. आत्या आणि नीलमबेन आपापल्या जागी येऊन बसल्या. प्रवासी चढले, दारं लागली. राघो नियमाने चालणारे, विमानात फोन बंद म्हणजे बंद. त्यांनी स्वतःचा तर केलाच, नीलमबेननाही करायला लावला.

खरं सांगायचं तर ते त्या दिवशी फार चांगलं चालवत होते. नागपूर मागे गेलं, रायपूर गेलं. नीलमबेननी थेपले वाटले. आत्या पापडांकडे बघत म्हणाली, "ढग सुकत घातलंत जनू." आणि मग तो दिवा लागला. ब्रेकच्या तेलाचा दाब.

राघोंनी तो आकडा दोनदा तपासला. पुढे रेटावं तर गुवाहाटी, जिथे मिनल होती, जिथे शालू जात होती. पण नियम म्हणजे नियम. दोष दिसला की गाडी पुढे न्यायची नाही.

"आत्या, आपण कलकत्त्याला उतरतोय."

"का रं?"

"ब्रेकवर भरवसा नाही."

"उतर बाबा. मी कलकत्ता बी पाह्यलं न्हाय."

आणि काय सांगावं, आजवरची प्रत्येक लँडिंग आपटलेले राघो त्या दिवशी कलकत्त्याला पीस टेकावं तसे उतरले. कोपऱ्यातला समाधानाचा आकडा पहिल्यांदा वर चढला. नीलमबेननी टाळ्या वाजवल्या. विमान बाजूला घेऊन, इंजिनं बंद करून, पट्टे सोडायला परवानगी देऊन मगच राघोंनी फोन चालू केला.

पडद्यावर शालूबाईंच्या मिस कॉलची रांग लागली होती. तेवढ्यात फोन वाजलाच.

"कुठे आहात तुम्ही?"

"कलकत्त्याला," राघो म्हणाले.

मग शालूबाईंनी विचारलं, "ब्रेक?"

"हो."

"बरं केलंत उतरलात. मी पोचले. मिनल बरी आहे. अहो, सकाळपासून फोन लावतेय तुम्हाला, बंद का ठेवलात?"

"विमानात होतो."

"मग ऐका आता. विमानात चढायच्या आधी आम्ही काचेमागे बसलो होतो ना, तिथून सगळं दिसत होतं. एक बाई खाली आली. अंगात पिवळं जाकीट, हातात टॉर्च. आणि तिने विमानाभोवती फेरी मारली."

राघो खुर्चीतून उठले. "पूर्ण?"

"पूर्ण. शेपटीपासून नाकापर्यंत. चाकापाशी खाली वाकली. इंजिनात मान घालून बघितलं. नंतर तीच पुढे जाऊन बसली. चढताना मी तिचं तोंड बघितलं. चांगली, शांत मुलगी आहे. कृतिका म्हणून नाव होतं छातीवर."

"लाथ मारली का चाकाला?"

"लाथ नाही मारली. हात लावला."

राघो खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. समोर बी विंगची गच्ची होती. फेरी होती. परागच्या विमानातच नव्हती, एवढंच.

"मग मी येऊ का?" त्यांनी विचारलं.

"या की," शालूबाई म्हणाल्या. "पण तिथून नका निघू. घरून या."

हे बोलायला सोपं होतं. आत्या खुर्चीतून हलेना. तिचं म्हणणं, ज्याने नेलं त्यानेच परत पोचवायचं, नाहीतर मान पुरा होत नाही. शेजारच्या बिल्डिंगमध्ये चालत जा म्हटल्यावर ती भडकलीच. "कलकत्त्यावरना चालत? या वयात?" दुपारी शुक्ला सोसायटीच्या कागदावर राघोंची सही घ्यायला आले, तर आत्याने खुर्चीतूनच ओरडून सांगितलं, "तो कलकत्त्याला हाय, संध्याकाली या." शुक्ला बरं म्हणून गेलेही. राघोंनी ब्रेकचा दोष विमानात दुरुस्त करून घेतला, आत्याला घेऊन पुन्हा उड्डाण केलं आणि मुंबईला आणून सोडलं. मग ती काठी टेकत, मागे वळून न बघता, समाधानाने घरी गेली.

नीलेशने नवं तिकीट पाठवलं. दोनच दिवसांनी राघो खऱ्या विमानतळावर काचेपाशी उभे होते, कपाळ काचेला टेकवून. आत जायला माणसांची रांग लागली, ती सरली. हाकारे झाले. राघो जागचे हलेनात.

"सर, आप लास्ट पैसेंजर हैं," गणवेशातली मुलगी जवळ येऊन म्हणाली.

"एक मिनट. वो अभी पीछे गया है."

खाली जाकीट घातलेला एक उंच माणूस शेपटीकडे गेला होता. तो पलीकडून दिसेनासा झाला. राघो काचेच्या कडेपर्यंत सरकले. तो दुसऱ्या बाजूने आला, चाकापाशी वाकला, टॉर्च मारला, उठला. काचेच्या अलीकडे राघोही त्याच्याबरोबर वाकून उठले. मुलगी त्यांच्याकडे बघत होती.

"चलो," राघो म्हणाले. "ठीक आहे गाडी."

वाटेत काय झालं हे त्यांनी पुढेही कुणाला फारसं सांगितलं नाही. शेजारच्या माणसाने विचारलं, पहिल्यांदा चाललात का, तेव्हा ते म्हणाले, कलकत्त्यापर्यंतचा रस्ता माहीत आहे, पुढचं नवीन. बाकी सगळा वेळ ते हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते.

गुवाहाटीला नीलेशच्या घराचं दार शालूबाईंनीच उघडलं. नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, त्याच्या हातातली बॅग घेतली.

"मारली फेरी?"

"मारली. पुरुष होता. टायरला हात नाही लावला, पण वाकून नीट बघितलं."

"आणि उतरवलं कसं?"

"बरं उतरवलं," राघो म्हणाले. जरा थांबून पुढे म्हणाले, "थोडं आपटलं. मी बोललो नाही काही."

आतून मिनलचा आवाज आला. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, चेहरा घामाने डबडबलेला, पण बापाकडे बघून हसत होती.

"बाबा, तुमच्या दोघांचं विमान झालं असेल तर नीलेशला उठवा आणि खाली गाडी बोलवा. मला वाटतं आपल्याला निघायला हवं."

राघोंनी चपला अजून काढल्याच नव्हत्या. ते तसेच वळले आणि जिना उतरू लागले.